गुडघा पाहण्याचा कार्यक्रम

धुरपताबाईचा डावा गुडघा एसटीतून उतरताना गेला, आणि तो गेला आहे हे घरात कळायला दोन वर्षं लागली.

झालं ते असं. वर्ध्याच्या बाजारात वांगी विकून ती रिकामी टोपली घेऊन आंजीच्या स्टँडवर उतरत होती. डावा पाय जमिनीवर टेकला, उजवा अजून पायरीवर होता, तेवढ्यात मागच्या बाईनं "सरका ना वं" म्हणून ढकललं. धुरपताबाईचं अंग वळलं, पाऊल वळलं नाही. टक् असा आवाज आला. तिला वाटलं, टोपलीची कामटी मोडली. खाली बसल्या जागी तिनं आधी टोपली फिरवून पाहिली. टोपली शाबूत होती.

संध्याकाळपर्यंत गुडघा सुजून पपईएवढा झाला. गावातला नत्थू बैलांचे आणि माणसांचे सांधे सारख्याच श्रद्धेनं चोळतो. त्यानं पंधरा दिवस आंबेहळदीचा लेप लावला. मग घरच्यांनी तिला वर्ध्याला नेऊन एक्स-रे काढला. तो पाहून सांगण्यात आलं की हाड चांगलं आहे. त्यानंतर तिचा नवरा बंडूजी भेटेल त्याला सांगू लागला, "आमच्या घरच्या बाईचं हाड चांगलं आहे." लोकही बरं म्हणाले.

सूज उतरली. सरळ चालताना काही वाटेना. पण वळायला गेलं की गुडघा आतल्या आत सटके. मांडी एका दिशेला आणि नडगी दुसऱ्या दिशेला निघाल्यासारखी होई, आणि धुरपताबाई खाली बसलेली असे. तीन-चारदा असं झाल्यावर तिनं त्यावर उपाय काढला. तिनं वळणं सोडून दिलं.

वांग्याच्या ओळीत शिरली की ती मधूनच मागं फिरत नसे. ओळ संपेपर्यंत जाई, शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून वळसा घेई आणि दुसऱ्या ओळीतून परत येई. विळा मागं राहिला असला, तरी हाच रस्ता. स्वयंपाकघरात मोरी आणि शेगडी समोरासमोर होत्या. तिनं शेगडी उचलून मोरीच्या शेजारी आणली. कोणी पाठीमागून हाक मारली, तर ती आधी थांबे आणि मग बारीक बारीक पावलं टाकत, ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर वळावा तशी सगळीच्या सगळी वळे. घरच्यांना याची सवय झाली. सवय झाली म्हणजे दिसेनासं झालं.

काजल ही त्यांची एकुलती एक मुलगी. लॅब टेक्निशियनचा कोर्स करून वर्ध्यातल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची. तिच्यासाठी धुरपताबाईचा भाऊ कवडू एक स्थळ घेऊन आला. मुलगा केळझरचा, नाव पीयूष. आई नाही, वडील अण्णाजी शेती करतात.

"वर्ध्याले मोठ्या दवाखान्यात आहे पोरगा," कवडू म्हणाला. "फिजिओथेरपिस्ट."

"म्हणजे काय करते थो?" बंडूजीनं विचारलं.

"हातपाय दुखणाऱ्याले व्यायाम देते. सांधे मोकळे करून देते."

"म्हणजे नत्थूसारखा."

"नत्थूले डिग्री आहे का भाऊजी?"

बंडूजीनं विचार केला. नत्थूला डिग्री नव्हती. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार ठरला.

धुरपताबाईनं त्या दिवसाची तयारी नीट केली. पोहे, चहा आणि नवीन कप तर होतेच, पण मुख्य तयारी रस्त्याची होती. बैठकीच्या खोलीला दोन दारं होती, एक स्वयंपाकघराकडचं आणि एक पुढचं. आतून ट्रे घेऊन यायचं, खुर्च्यांच्या रांगेपुढून सरळ जायचं, पुढच्या दारानं बाहेर पडायचं, घराला वळसा घालून बकऱ्यांच्या गोठ्याजवळून मागच्या दारानं पुन्हा स्वयंपाकघरात. कुठंही गर्रकन फिरायचं नाही. आदल्या दिवशी तिनं रिकामा ट्रे घेऊन एक फेरी मारूनही पाहिली.

पाहुणे पाच जण आले. पाण्याची फेरी झाली. पोह्यांची फेरी झाली. दोन्ही वेळेला मुलीची आई पुढच्या दारानं निघून गेली आणि थोड्या वेळानं आतून पुन्हा आली. केळझरच्या लोकांना वाटलं असावं की आंजीकडे अशीच रीत असेल. पीयूष शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावून बसला होता आणि जमिनीकडे पाहत होता. समोर काजल पिवळ्या साडीत बसली होती. त्या दोघांनी एकमेकांना अजून एक शब्दही विचारला नव्हता.

तिसरी फेरी चहाची होती. धुरपताबाई अण्णाजींच्या पुढून दोन पावलं गेली, आणि अण्णाजींनी मागून विचारलं, "ताई, यातला बिनसाखरेचा कोनता?"

पाहुण्यानं विचारलं आणि ती वळली. गुडघा गेला. ट्रे अण्णाजींच्या मांडीवर आणि धुरपताबाई जमिनीवर. चार कप चहा पांढऱ्या पायजम्यावर सांडला.

"काई नाई, काई नाई," अण्णाजी म्हणाले. "गरम नव्हता." हे खोटं होतं, पण चांगल्या माणसाचं खोटं होतं.

सगळे अण्णाजींभोवती जमले. पीयूष मात्र वडिलांकडे गेला नाही. तो धुरपताबाईजवळ खाली बसला होता.

"काकू, तुमी मंगापासून घराले चकरा काऊन मारून राह्यल्या?"

धुरपताबाईला दोन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "वळता येत नाई," ती म्हणाली.

त्यानं तिला दिवाणावर झोपवलं. गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवलं, त्या पावलाच्या पुढच्या टोकावर स्वतः हलकेच बसला, दोन्ही हातांनी नडगी मागून धरली आणि आपल्याकडे ओढली. टेबलाचा खण बाहेर यावा तशी नडगी पुढं आली. त्यानं उजव्या पायाला तेच केलं. उजवी नडगी जागची हलली नाही. मग पुन्हा डावी. खोलीतले दहा-बारा जण, त्यांत मुलीचे दोन काका आणि शेजारची सुलोचना, हे पाहत होते. पीयूषनं मान वर केली आणि काजलशी तो पहिल्यांदा बोलला.

"एक उशी देता का?"

काजलनं उशी दिली. त्यानं ती गुडघ्याखाली ठेवली आणि आणखी एकदा ओढून पाहिलं.

"आतली दोरी तुटली आहे, काकू. लिगामेंट म्हणतात. मांडीचं हाड अन् नडगी एका जागी धरून ठेवते थे. तुमची नाईच आहे म्हटलं तरी चालते."

"हाड चांगलं आहे," बंडूजी म्हणाला.

"हाड चांगलंच आहे," पीयूष म्हणाला. "एक्स-रेत हाड दिसते. दोरी दिसत नाई."

पाहुणे गेले. चार दिवसांनी केळझरहून होकार आला. काजलनं नकार दिला. धुरपताबाईनं कारण विचारलं, तर म्हणाली, "चांगला आहे तो. पन मले नाई करायचं." कवडूनं दोनदा समजावलं. बंडूजीनं एकदा समजावलं आणि मग चहाच्या टपरीवर निघून गेला. शेवटी कवडूनं केळझरला फोन लावून, शब्द फिरवून फिरवून, पत्रिकेचा आधार घेऊन नकार कळवला. संध्याकाळी कवडूच्या मोबाइलवर पीयूषचा मेसेज आला. कवडूनं तो तसाच वाचून दाखवला.

"निरोप पोचला. काकूंले सोमवारी एमआरआयसाठी घेऊन या. सकाळी उपाशी राहायची गरज नाई."

धुरपताबाई त्या सोमवारी गेली नाही. त्याच्या पुढच्याही गेली नाही. ज्या पोराला आपल्या घरानं नाही म्हटलं, त्याच्यासमोर पाय घेऊन कसं जायचं. महिना असाच गेला. मग एका दुपारी पाण्याचा पाइप एका सरीतून दुसऱ्या सरीत टाकताना ती विसरून वळली आणि वांग्यांत बसली. या वेळेला उठता येईना. बंडूजी टपरीवर होता. तिनं हाका मारल्या नाहीत. हाक टपरीपर्यंत जात नाही हे तिला माहीत होतं.

तासभर ती चिखलात बसून होती. पाणी एकाच सरीत जात होतं आणि तिला ते दिसत होतं. रडू आलं नाही. राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. दोन वर्षं झाली, उठायचं असलं की ती आधी मनातल्या मनात पायाला विचारत होती, येतोस का. शेजारणीला काही मागायला जावं तसं. पाय तर आपलाच होता.

बंडूजीनं येऊन तिला उठवलं, तेव्हा ती म्हणाली, "नकार काजलनं देला. गुडघा माहा आहे. उद्या वर्ध्याले चाला."

एमआरआयमध्ये पीयूषनं हातांनी सांगितलं होतं तेच निघालं. शिवाय दोन हाडांच्या मधली गादीही कडेनं थोडी फाटली होती. सर्जनचं नाव डॉक्टर चंदन ठमके. कमी बोलणारा माणूस. त्यांच्यासमोरच्या कागदावर 'खेळ' असा एक रकाना होता, कारण हे ऑपरेशन त्यांच्याकडे बहुतेक कबड्डीवाले आणि फुटबॉलवाले करून घेत.

"काय खेळता?" त्यांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं.

"वांगे लावतो," धुरपताबाई म्हणाली.

डॉक्टरांनी वर पाहिलं, मग रकान्यात काहीतरी लिहिलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. तुटलेली दोरी शिवून जुळत नाही, दोन वर्षांनी तर नाहीच. ऑपरेशन न करताही काही लोक राहतात. मांडीचे स्नायू मजबूत करतात आणि वळायचं टाळतात.

"थे झालं करून," ती म्हणाली.

मग नवीन दोरी घालायची. ती पेशंटच्याच अंगातून घ्यावी लागते.

इथं बंडूजी खुर्चीत पुढं सरकला. "माह्या पायातली घ्या. मी तसाही जास्त चालत नाई."

धुरपताबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो गंभीर होता.

"नवऱ्याची आम्ही घेत नाही," डॉक्टर म्हणाले. "यांचीच घेतो."

बंडूजी मागं सरकला. त्याला हायसं वाटलं असावं, पण त्या दिवसापासून पुढं वर्षभर आंजीत एकही माणूस असा राहिला नाही, ज्याला बंडूजीनं बायकोसाठी पायातली दोरी देऊ केली होती हे माहीत नव्हतं.

"तीन जागा आहेत," डॉक्टर सांगत होते. "एक, गुडघ्याच्या वाटीखालची. पट्टी मजबूत असते, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा येतो, तो लवकर जुळतो. पण नंतर गुडघे टेकून बसलं की समोर दुखू शकतं. दुसरी, मांडीच्या मागची, आतल्या बाजूची. दोन बारीक दोऱ्या असतात, त्या दुमडून चारपदरी करायच्या. तिसरी, घोट्याच्या बाहेरच्या बाजूची."

"ज्या जागची घेसान, थे जागा कुरकुर करन ना?"

"थोडी करेल."

धुरपताबाईनं हिशेब मांडला. गवत काढताना ती एक गुडघा मातीत टेकते, म्हणजे वाटीखालची नको. धुऱ्यावरून अनवाणी चालते, पाऊल वाकडंतिकडं पडतं, म्हणजे घोट्याची नको. "मांडीच्या मागची घ्या," ती म्हणाली. "थिकडं मी पाहत नाई."

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांच्याही मनात तेच होतं. नडगीत एक भोक, मांडीच्या हाडात एक भोक, त्यांतून दोरी ओवायची, वर एक बारीक बटण अडकवायचं आणि खाली स्क्रू.

"तानून किती बांधता?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

"आमच्या दोडक्याच्या मांडवाले तार बांधतो," ती म्हणाली. "लय तानली तं खांब वाकते. ढिली ठेवली तं येल खाली येते. म्हून विचारलं."

"तोच सगळा प्रश्न आहे," डॉक्टर म्हणाले, आणि त्यानंतर ते दहा मिनिटं बोलले. त्यांच्या सहायकानं नंतर सांगितलं की एवढं ते कबड्डीवाल्यांशीही बोलत नाहीत. फार ताणली तर गुडघा पूर्ण वाकत नाही किंवा सरळ होत नाही. सैल राहिली तर केलं न केलं सारखंच. शिवाय हिचा गुडघा दोन वर्षं सटकून सटकून फिरण्याच्या बाबतीत फारच सैल झाला होता. म्हणून आतल्या दोरीबरोबर मांडीच्या बाहेरच्या अंगाची एक पट्टी घेऊन तीही आडवी बांधायची असं त्यांनी ठरवलं. आतली नडगीला पुढं येऊ देत नाही, बाहेरची फिरू देत नाही.

"म्हणजे एक ताण अन् एक आडवी तार," धुरपताबाई म्हणाली.

"हो," डॉक्टर म्हणाले.

शासनाच्या योजनेत ऑपरेशन बसलं आणि जानेवारीत तारीख मिळाली. कमरेखाली बधिर करून तिला टेबलावर घेतलं. ती जागी होती. समोरच्या पडद्यावर तिच्या गुडघ्याच्या आतलं दिसत होतं. पांढरं, ओलं, आणि एका कोपऱ्यात पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी लोंबत होतं. तीच जुनी दोरी, असं कोणीतरी सांगितलं. धुरपताबाईला वाईट वाटलं. एवढी वर्षं काम केलेली वस्तू, आणि तिची पहिली भेट ही अशी. मग ड्रिल मशीनचा आवाज आला. भिंतीला डिश टीव्ही बसवायला आलेल्या पोरानं असाच आवाज केला होता. तिला तेवढ्यात झोप लागली.

खरं काम पुढं होतं. दुसऱ्या दिवशी पीयूष वॉकर घेऊन आला आणि तिला उभं केलं. मग रोजचं सुरू झालं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, दहा मोजायचे, सोडायचा. घरी गेल्यावरही हेच, दिवसातून चारदा. सुलोचना बघायला आली. धुरपताबाई पलंगावर पडून छताकडे पाहत टॉवेल दाबत होती.

"काय करून राह्यली वं?"

"काम," धुरपताबाई म्हणाली.

सुलोचनाला काही दिसलं नाही, पण ती बरं म्हणाली.

वांगी बंडूजीवर आली. पहिल्या आठवड्यात तो रोज संध्याकाळी पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसे आणि विचारी, फवारणी कोणती, पाणी कधी, तोडायचं कोणतं. दुसऱ्या आठवड्यात कमी विचारू लागला. टपरीवर जायला त्याला वेळ मिळेना. त्या हंगामात वांगी लहान निघाली, पण निघाली.

त्याच दिवसांत एका दुपारी काजल आईच्या पायाला बर्फ लावत बसली होती. तिला नागपूरच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली होती आणि जूनमध्ये जायचं होतं. धुरपताबाईनं विचारलं, "आता तरी सांग. काऊन नाई म्हटलं त्याले?"

काजलनं बर्फाची पिशवी या बाजूची त्या बाजूला केली. "दोन वर्ष तू माह्यासमोर पडत होती, आई. मी लॅबमध्ये काम करतो. लोकांले सांगतो, लवकर तपासा. तुह्या गुडघ्याले कधी हात नाई लावला मी. तो आला अन् चहा संपायच्या आत त्याले समजलं." तिनं पिशवीवरचं पाणी पुसलं. "रोज त्याचं तोंड पाहिलं की मले थेच आठवलं असतं. असं घर कसं करायचं?"

धुरपताबाईनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. बर्फ विरघळून चादर ओली झाली.

आठवड्यातून दोनदा ती दवाखान्यात पीयूषकडे जाई. तो कडक होता. तिसऱ्या महिन्यात एकदा तिनं त्याला विचारलंच.

"तुमाले राग नाई आला?"

"कायचा?"

"काजलनं नाई म्हटलं थ्याचा."

"काकू, सात जागी नाई झालं माहं," पीयूष म्हणाला. "पाय खाली नका टेकवू. सहा, सात, आठ." दहा झाल्यावर तो स्टुलावर बसला. "जिथं जातो तिथं कोनाचं नं कोनाचं काईतरी दुखत असते. समुद्रपूरले पोरीच्या आजीची कंबर निंगाली. हिंगणघाटले काकाचा खांदा. दुखनं दिसलं की मी उठतो. मंग पोरीशी बोलायचं राहूनच जाते. जरा बसा आता."

"तुमी उठत काऊन जाता?"

"दिसते ना."

धुरपताबाईच्या घरात दोन वर्षं कोणालाच दिसलं नव्हतं, आणि याला दिसतं म्हणून याचं लग्न होत नव्हतं.

सहाव्या महिन्यात ती शेतात गेली. नवव्या महिन्यात डॉक्टर ठमक्यांनी तिला एका पायावर उभं केलं, उडी मारायला लावली, फिरायला लावलं आणि फाइलवर सही केली. दिवाळीनंतर केळझरहून अण्णाजींचा फोन आला. आधी पायाची चौकशी केली. मग म्हणाले, देवळीला एक मुलगी पाहायची आहे, घरात बाईमाणूस नाही, ताई आल्या तर बरं होईल. पीयूषचंच म्हणणं आहे.

"आपन नाई म्हटलं त्या पोरासाठी पोरगी पाहाले आपन जायचं?" बंडूजीनं विचारलं.

"आपन कुठं नाई म्हटलं," धुरपताबाई म्हणाली आणि लुगडं काढायला पेटीकडे गेली.

देवळीच्या मुलीचं नाव जया. ती काकाचं कृषी केंद्र सांभाळायची. बियाणं, औषध, फवारणीचे पंप, सगळं. घर बाजाराच्या मागेच होतं. पाहुणे बसले न बसले तोच आतून मुलीची आत्या आनंदाबाई आली. अंगानं भारी, चालताना दोन्ही बाजूंना झुलणारी. ती सरळ पीयूषपुढं आली.

"तुमीच का गुडघ्याचे डॉक्टर? माहे दोनही गुडघे..."

पीयूष खुर्चीतून अर्धा उठला होता. धुरपताबाई त्याच्या आधी उठली.

"बाई, मले सांगा," ती म्हणाली. "माहं ऑपरेशन झालं आहे. आतल्या खोलीत चाला, मी सगळं सांगतो."

ऑपरेशन झालेल्या माणसाचं वजन डॉक्टरपेक्षा जास्त असतं. आनंदाबाई तिच्या मागोमाग आत गेली. आत गुडघे झाले, मग मान झाली, मग सून झाली. धुरपताबाई ऐकत होती आणि मधूनमधून हं म्हणत होती. बाहेर पहिली दहा मिनिटं काहीच ऐकू येत नव्हतं. त्यानंतर जया काहीतरी म्हणाली आणि पीयूष हसला. धुरपताबाईनं नऊ महिन्यांत त्याचं हसणं ऐकलं नव्हतं, म्हणून तिला आधी वाटलं की दुसराच कोणी आहे.

परतताना गाडीत तिनं विचारलं, "काय बोलले?"

"मी विचारलं, तुमाले काई दुखते का," पीयूष म्हणाला.

पुढच्या सीटवर अण्णाजींनी डोळे मिटले.

"मंग?"

"थे म्हणे, नाई. मंग मले काई सुचेना. बराच वेळ तसाच बसलो. मंग तिनंच विचारलं का घरी सोयाबीनचं वाण कोनतं लावता. मी म्हटलं मले माहीत नाई, बाबा लावतात. थे म्हणे, स्वतःच्या वावरात काय लावलं हे माहीत नसलेला पहिला शेतकऱ्याचा पोरगा पाहून राह्यली मी." त्यानं शर्टाचं गळ्याजवळचं बटण सोडलं. "मले चांगलं वाटलं थे."

चौथ्या दिवशी देवळीहून होकार आला. एप्रिलमध्ये केळझरला लग्न झालं. काजल नागपूरहून आली, आईच्या शेजारी बसून जेवली आणि निघताना पीयूषला म्हणाली, "आईचा व्यायाम बंद नका होऊ देऊ." तो म्हणाला, नाही होऊ देत. जयानं धुरपताबाईला एका बाजूला घेऊन वांग्यावरच्या अळीसाठी सध्या कोणतं औषध चालतं ते सांगितलं. ते चांगलं निघालं.

धुरपताबाई आता ओळीच्या मधूनच मागं फिरते. पूर्ण उकिडवं बसता येत नाही, चार बोटं कमी राहतं. म्हणून लहान पाट घेऊन बसते. थंडीत मांडीच्या मागं ओढ लागते. वाटीच्या खाली तळहाताएवढी जागा बधिर आहे, तिथं मुंगी चढली तरी कळत नाही. शेवटच्या तपासणीला तिनं ती जागा डॉक्टर ठमक्यांना बोटानं दाखवली. दोरी काढताना तिथली बारीक नस दुखावते, ते म्हणाले, ती जागा आता तशीच राहील.

"राहू द्या," धुरपताबाई म्हणाली आणि चपला घालून बस पकडायला निघाली.